वाढ थांबल्यानंतरचं ग्रोथ हॉर्मोन

सॉफ्टवेअरवाल्यांचा अर्धा जन्म दुसऱ्याने ठेवलेली नावं निस्तरण्यात जातो. सात वर्षांपूर्वी कुणीतरी घाईघाईत एका फंक्शनला 'बिल छापा' अशा अर्थाचं नाव देतो. पुढे ते फंक्शन स्टॉक कमी करायला लागतं, टॅक्स लावतं, ग्राहकाला मेल पाठवतं; पण नाव तेच राहतं. मग एक दिवस नवीन पोरगा जॉइन होतो, म्हणतो, "आजकाल बिलं छापतंय कोण?" आणि ते फंक्शन उडवून टाकतो. पुढचं सांगायला नको. :-)

हे आठवायचं कारण असं, की गेले दोन-तीन वीकेंड मी एका हॉर्मोनच्या इतिहासात गुंतलोय. ग्रोथ हॉर्मोन. आपल्या शाळेच्या पुस्तकातलं वृद्धिसंप्रेरक. नाव ऐकून कुणालाही वाटेल, की उंची वाढायची थांबली की याची ड्यूटी संपली. डॉक्टरमंडळींनाही साधारण तसंच वाटत होतं, आणि तेसुद्धा चांगली तीस वर्षं! या नावापायी मोठ्या माणसांचा आजार कसा नजरेआड राहिला, हे वाचत वाचत मी पॅरिस, बोस्टन, ग्लासगो असं फिरून शेवटी थेट आमच्या साक्रीत पोचलो. (पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी: साक्री म्हणजे धुळे जिल्ह्यातला तालुका. सुरतच्या रस्त्याला लागलं की धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटर.) तर आज हाच प्रवास. चहा घेऊन बसा, जरा लांबण लागणार आहे.

सुरुवात ग्रंथीपासून. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका छोट्या खोबणीत वाटाण्याएवढी पिट्यूटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. थायरॉइड, अॅड्रिनल, बीजांडं या सगळ्यांना हुकूम इथून जातात. तिच्या पुढच्या भागातल्या जवळपास निम्म्या पेशी एकच माल बनवतात, तो म्हणजे ग्रोथ हॉर्मोन. एवढा मोठा स्टाफ निसर्गाने फक्त पहिल्या अठरा वर्षांच्या कामासाठी ठेवला असेल, हे मुळात पटण्यासारखं आहे का?

हे हॉर्मोन नळाच्या धारेसारखं सतत येत नाही, झटक्याझटक्याने येतं. मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग एका रसायनाने 'सोड' म्हणतो आणि दुसऱ्याने 'थांब' म्हणतो. दिवसातला सगळ्यात मोठा झटका गाढ झोप लागल्यावर थोड्याच वेळात येतो. रक्तात उतरलेलं हॉर्मोन यकृताकडे जातं, यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं द्रव्य बनवतं आणि बरीचशी प्रत्यक्ष कामं ते करतं. वयात येताना हे सगळं जोरात असतं, नंतर दर दशकाला थोडं थोडं कमी होत जातं. पण बंद होत नाही. साठीच्या माणसातही ते चरबी जाळतं, स्नायू टिकवतं, हाडांची डागडुजी करतं, उपाशीपोटी साखर सांभाळतं. म्हणजे नाव 'वाढ' आणि काम 'मेंटेनन्स'. मेंटेनन्सवाल्यांना कुणी विचारत नाही, हा अनुभव आपल्यातल्या बऱ्याच जणांना असेलच.

गंमत म्हणजे या हॉर्मोनचा इतिहास मोठ्या माणसांपासूनच सुरू होतो. १८८६ साली पॅरिसमध्ये पिअर मारी या डॉक्टरने दोन रुग्णांचं वर्णन लिहिलं: हात-पाय रुंदावलेले, जबडा पुढे आलेला, नाक-ओठ जाड झालेले. त्याने आजाराला नाव दिलं अॅक्रोमेगली. पुढच्याच वर्षी मिन्कोव्स्कीने या रुग्णांच्या पिट्यूटरीवर बोट ठेवलं. १९०९ मध्ये हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जनने अशाच एका शेतकऱ्याच्या पिट्यूटरीचा भाग काढला, त्याचा त्रास कमी झाला आणि हा आजार ग्रंथीच्या अतिकामाचा आहे या विचाराला बळ मिळालं.

अॅक्रोमेगली म्हणजे मोठ्या वयात ग्रोथ हॉर्मोन जास्त होणं, बहुतेक वेळा पिट्यूटरीवरच्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठीमुळे. लहानपणी असं झालं तर माणूस ताडमाड वाढतो. मोठेपणी हाडांची टोकं जुळलेली असल्याने उंची वाढत नाही, बाकी सगळं वाढतं. अंगठी बोटातून निघेना, चपलेचा नंबर वाढतोय, दातांत फटी पडतायत, घोरणं आणि घाम वाढलाय, जोडीला डायबेटिस आणि बीपी. हे सगळं इतकं सावकाश होतं की घरच्यांच्या लक्षात येत नाही. दहा वर्षांपूर्वीचा लग्नातला फोटो शेजारी ठेवला की धक्का बसतो. आज नाकावाटे ऑपरेशन करून ही गाठ काढता येते, शिवाय औषधंही आहेत.

म्हणजे १९१० च्या सुमारास डॉक्टरांना माहीत होतं की या ग्रंथीतून येणारं काहीतरी मोठ्या माणसांवरही जबरदस्त परिणाम करतं. मग घोळ कुठे झाला? नामकरणात. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गाईच्या पिट्यूटरीचा अर्क उंदरांना टोचला. उंदीर अगडबंब झाले. जे डोळ्यांना दिसलं तेच नाव पडलं आणि चिकटलं.

यानंतरचा भाग एखाद्या फसलेल्या प्रॉडक्ट लाँचसारखा आहे. १९४४ मध्ये चो हाओ ली आणि इव्हान्स यांनी गाईचं ग्रोथ हॉर्मोन शुद्ध केलं. इन्शुलिनच्या बाबतीत गाई-डुकरांचा माल माणसाला चालला होता, तेव्हा हेही चालेल असं सगळ्यांना वाटलं. नाही चाललं. माणसाला माणसाचंच लागतं. १९५६ मध्ये ली आणि पापकॉफ यांनी मानवी हॉर्मोन वेगळं केलं आणि १९५८ मध्ये बोस्टनच्या मॉरिस रेबेनने सतरा वर्षांच्या एका खुज्या मुलाला ते देऊन त्याची वाढ झाल्याचं जाहीर केलं.

पण माल आणायचा कुठून? मेलेल्या माणसाच्या मेंदूखालून. शवविच्छेदनात काढलेल्या पिट्यूटरी गोळा करायच्या, वाळवायच्या, अर्क काढायचा. एका मुलाच्या वर्षभराच्या इंजेक्शनांसाठी डझनावारी ग्रंथी लागायच्या. अमेरिका-इंग्लंडमध्ये यासाठी राष्ट्रीय पातळीवरच्या योजना होत्या आणि तरीही रेशनिंग होतं. साहजिकच सगळं मुलांना. त्यात गैर काहीच नव्हतं. वाढ खुंटलेल्या पोराला हाती असलेली दोन-चार वर्षंच असतात.

मात्र १९६२ मध्ये त्याच रेबेनने एक छोटीशी नोंद केली होती. पिट्यूटरी निकामी झालेल्या, बाकीची हॉर्मोनं गोळ्यांनी घेत असलेल्या पस्तीस वर्षांच्या एका बाईला त्याने ग्रोथ हॉर्मोन देऊन पाहिलं. दोन महिन्यांनी ती सांगू लागली की अंगात जोम आलाय, काही करावंसं वाटतंय, बरं वाटतंय. बस, एवढंच. एकच रुग्ण, तिचं तोंडी सांगणं, मोजमाप नाही. पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं ती नोंद कोपऱ्यात पडून राहिली, बग-ट्रॅकरमधल्या 'नंतर बघू' असा शिक्का मारलेल्या तिकिटासारखी.

ते तिकीट उघडलं एका दुर्घटनेमुळे. १९८५ मध्ये लहानपणी हे हॉर्मोन घेतलेले काही तरुण क्रॉइट्झफेल्ट-जेकब या मेंदू पोखरणाऱ्या आजाराने गेल्याचं उघड झालं. प्रेतांतून गोळा केलेल्या ग्रंथींमधल्या मोजक्या काही दूषित होत्या, आणि सगळ्या एकत्र करून अर्क काढला जात असल्याने दोष भरपूर बाटल्यांत पसरला होता. जगभरात दोनशेहून जास्त जण या वाटेने गेले, त्यात फ्रान्समधले सगळ्यात जास्त. हा आजार दशकं दबा धरून बसतो, त्यामुळे इंजेक्शनं बंद झाल्यावरही पुढे कितीतरी वर्षं नवीन रुग्ण सापडत राहिले. अमेरिकेत एप्रिल १९८५ मध्ये पुरवठा थांबला. नशीब असं, की १९७९ पासूनच जीवाणूंमध्ये मानवी जनुक घालून हे हॉर्मोन बनवायचं तंत्र तयार होत होतं. ऑक्टोबर १९८५ मध्ये जेनेन्टेक कंपनीच्या औषधाला परवानगी मिळाली, आणि ज्याचं थेंबाथेंबाने रेशनिंग चाललं होतं ते हॉर्मोन टाकीत बनायला लागलं.

माल मुबलक झाल्यावर मग मोठ्या माणसांची आठवण आली! १९८९ मध्ये डेन्मार्क आणि लंडनमधून दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. लंडनच्या अभ्यासात ग्रोथ हॉर्मोन नसलेले २४ प्रौढ होते. सहा महिन्यांच्या इंजेक्शनांनी त्यांची चरबी सरासरी ५.७ किलोने घटली आणि बिनचरबीचं वजन ५.५ किलोने वाढलं. वजनकाट्यावर जवळजवळ काहीच बदल नाही, पण आतलं शरीर बदललेलं. १९९० मध्ये स्वीडनमधून पिट्यूटरी निकामी झालेल्या ३३३ जणांचा हिशेब आला: ही माणसं हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांनी लवकर जात होती. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या कमतरतेसाठी हे औषध अधिकृत झालं. प्रौढांमधली ग्रोथ हॉर्मोनची कमतरता हा रीतसर आजार ठरला, तो असा, आत्ता आत्ता.

लक्षणं वाचली तर आपण सगळेच त्यात बसतो की काय असं वाटतं: थकवा, पोटावर चरबी, स्नायू ढिले, कोलेस्टेरॉल वाढलेलं, मन उदास, चारचौघांत नकोसं वाटणं. पण घाबरू नका. ऑफिसात बसून सुटलेलं पोट म्हणजे हा आजार नव्हे. यामागे सहसा पिट्यूटरीला झालेली ठोस इजा असते. निदानही एका रक्ततपासणीत होत नाही, कारण हॉर्मोन झटक्यांनी येतं. भर दुपारी धडधाकट माणसाचं रक्त घेतलं तरी आकडा शून्याजवळ येऊ शकतो. दिवसातून एकदा लॉग बघून सर्व्हर बंद आहे म्हणण्यासारखं ते होईल. म्हणून ग्रंथीला औषधाने डिवचून ती कितपत जागी होते ते पाहतात. पिट्यूटरीची तीन-चार हॉर्मोनं आधीच गेलेली असतील आणि आयजीएफ-१ ही कमी असेल, तर बहुतेक वेळा वेगळं डिवचायचीही गरज उरत नाही.

आता मुद्द्याचं. ही इजा होते कुणाला? युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत उत्तर असतं: पिट्यूटरीची गाठ, तिचं ऑपरेशन, डोक्याला दिलेलं रेडिएशन. आपल्याकडे या यादीत आणखी दोन नावं ठळक करावी लागतात, बाळंतपण आणि साप.

बाळंतपणाची गोष्ट हॅरोल्ड शीहान या इंग्रज पॅथॉलॉजिस्टची. १९३० च्या दशकात तो ग्लासगोच्या प्रसूतिगृहात काम करत होता. बाळंतपणात खूप रक्त जाऊन दगावलेल्या बायकांच्या शवविच्छेदनात त्याला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली: पिट्यूटरीचा पुढचा भाग मेलेला. १९३७ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. (पोलंडच्या ग्लिन्स्कीला हे त्याच्याही वीसेक वर्षं आधी दिसलं होतं, पण नाव लागलं शीहानचं. पुन्हा नावाचा मामला.) कारण साधं आहे. गरोदरपणात ही ग्रंथी फुगते, तिची रक्ताची भूक वाढते, पण तिला येणारं रक्त मुख्यतः कमी दाबाच्या बारीक वाटांनी येतं. अशात बाईचं खूप रक्त गेलं, बीपी कोसळलं, की इतर अवयव कसेबसे तगतात आणि ही ग्रंथी उपाशी मरते. त्यातही ग्रोथ हॉर्मोन बनवणाऱ्या पेशी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना जास्त, म्हणून बऱ्याचदा त्या पहिल्या जातात.

बाई मात्र वाचते. मग सुरू होतो शीहान सिंड्रोम. पहिली खूण म्हणजे बाळाला दूध येत नाही. दुसरी, पाळी परत येत नाही. नंतर हळूहळू काखेतले केस जातात, कातडी फिकी पडते, थंडी सोसवत नाही, अंगात त्राण राहत नाही. आजार ओळखू येईपर्यंत अनेकदा दहा वर्षांहून जास्त काळ उलटतो.

आता साक्री. तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग, पिंपळनेरच्या पुढचा, डोंगराळ आणि आदिवासी पाड्यांचा. भिल्ल, कोकणा, मावची वस्ती. पावसाळ्यात ओढे भरले की पाडा तुटायचा. माझ्या आईची एक मावसबहीण याच बाजूला दिलेली. १९८३ मध्ये तिचं चौथं बाळंतपण घरीच झालं, दिव्याच्या उजेडात, गावातल्या सुईणीच्या हातून. वार पडायला उशीर झाला आणि रक्त थांबेना. मावशी वाचली हेच नशीब, असं तेव्हा सगळे म्हणाले. दूध आलं नाही, लेकरू शेळीच्या दुधावर वाढलं. पाळी आली नाही, तर बायका म्हणाल्या, सुटलीस बाई. वय होतं सव्वीस.

पुढची सोळा वर्षं मावशी खानदेशातल्या बेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यात अंगावर गोधडी घेऊन बसायची. दोन हंडे पाणी आणलं की धाप लागायची. अहिराणीत एक निकाल ठरलेला: "कामचोर शे ती." कुणी म्हणालं बाळंतरोग, कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय. भगत झाला, रक्तवाढीची इंजेक्शनं झाली, ताकदीच्या बाटल्या झाल्या. १९९९ च्या पावसाळ्यात साधा ताप आला आणि उलट्या होऊन ती बेशुद्ध पडली. धुळ्याला एका दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, चेहरा बघितला आणि माझ्या आईला एकच प्रश्न विचारला: "शेवटच्या बाळंतपणानंतर यांना दूध आलं होतं का?"

सोळा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पिट्यूटरी गेली की अॅड्रिनलला हुकूम जात नाही आणि शरीरात कॉर्टिसॉल बनत नाही. एरवी माणूस कसाबसा ओढत राहतो, पण ताप, जुलाब, ऑपरेशन असा ताण आला की कोसळतो. मावशीचं तेच झालं होतं. उपाय साधा आणि स्वस्त आहे: आधी स्टेरॉइडची गोळी, मग थायरॉइडची. हा क्रम महत्त्वाचा. नुसतं थायरॉइड कमी दिसलं म्हणून आधी तीच गोळी दिली तर रुग्ण उलट कोसळू शकतो. महिनाभरात मावशी चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. गोधडी सुटली. ग्रोथ हॉर्मोनचं नाव तिच्या केसपेपरवर कधीच आलं नाही. रोज टोचायचं ते महागडं इंजेक्शन तिच्या घरात कुणाच्या विचारातही बसलं नसतं.

ही एकटीदुकटीची गोष्ट नाही. काश्मीरमध्ये डॉ. झरगर आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांवरच्या, मूल झालेल्या बायकांची पाहणी करून २००५ मध्ये प्रसिद्ध केली. शीहान सिंड्रोमचं प्रमाण निघालं सुमारे ३ टक्के, आणि त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश बायकांचं बाळंतपण घरी झालेलं होतं. महाराष्ट्रात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण ६४.६ टक्के होतं, २०१९-२१ च्या पाहणीत ते ९४.७ टक्क्यांवर गेलं. ही मोठीच मजल आहे, आणि नव्या शीहानच्या केसेस कमी व्हायचा हाच खरा रस्ता. पण आकडे पुढे गेले म्हणून १९८० आणि ९० च्या दशकांत घरी बाळंत झालेल्या बायका कुठे जात नाहीत. त्या आज पन्नाशी-साठीत आहेत. आपल्याच कुणाच्या तरी आई, मावशी, काकू आहेत.

दुसरं नाव साप. घोणस चावली की तिच्या विषाने रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, मग गुठळ्या करायचा सामानच संपतो आणि रक्तस्राव सुरू होतो. या धुमश्चक्रीत पिट्यूटरीही सापडते. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रह्मदेशातल्या डॉक्टरांनी घोणस चावलेल्या रुग्णांच्या पिट्यूटरीचं वर्णन केलं, आणि उपमा दिली ती शीहान सिंड्रोमचीच. भारतातूनही, विशेषतः दक्षिणेकडून, असे रुग्ण नोंदले गेलेत. विष उतरतं, किडनी सावरते, माणूस घरी जातो आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याची ताकद, दाढी, इच्छा सगळं ओसरायला लागतं. चावण्याचा आणि याचा संबंध कोण जोडणार? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सापाच्या चाव्याने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. जे वाचतात त्यांचं पुढे काय होतं हे मोजणं तर फारच कमी. धान-बाजरीच्या शेतात अनवाणी राबणाऱ्यांचा हा आजार आहे.

पश्चिम भारताचा या इतिहासात आणखी एक धागा आहे, तो जनुकांचा. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका भारतीय मुस्लिम कुटुंबातल्या, नात्याने भावंडं लागणाऱ्या दोन खुज्या मुलांचं जनुक तपासलं. हायपोथॅलॅमसचा 'सोड' हा निरोप ऐकणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकात ७२ व्या जागी अवेळी 'थांब' लिहिलेलं होतं. फंक्शनच्या चौथ्या ओळीतच रिटर्न! निरोप येतो, ऐकणारा अर्धवट बनलेला, हॉर्मोन सुटत नाही. पाठोपाठ सिंधमधल्या काही गावांत ठेंगण्या पण बांधेसूद माणसांच्या एका मोठ्या कुळात हाच बदल सापडला. २००३ मध्ये वेगवेगळ्या कुटुंबांची जनुकं ताडून पाहिल्यावर, या सगळ्यांचा कधीकाळचा पूर्वज एकच असावा या शक्यतेला बळ मिळालं. आणि २००५ मध्ये मुंबईच्या डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या रुग्णांत या बदलाचं महत्त्व दाखवून दिलं.

इथे इतिहास एक चिमटाही काढतो. ब्राझीलमध्ये इताबायानिन्या या ठिकाणी याच जनुकातल्या वेगळ्या बिघाडाने खुजी राहिलेली शंभराहून जास्त माणसं आहेत. बहुतेकांनी कधी उपचार घेतले नाहीत. तरी त्यांच्यातल्या विशी ओलांडलेल्यांचं आयुर्मान त्यांच्या धडधाकट भावंडांइतकंच निघालं. म्हणजे 'ग्रोथ हॉर्मोन कमी, म्हणजे आयुष्य कमी' असं सोपं समीकरण मांडता येत नाही. जन्मापासून फक्त हेच नसणं वेगळं, आणि सव्विसाव्या वर्षी अख्खी ग्रंथी एका रात्रीत जाणं वेगळं.

आणि ज्यांना गरज नाही, त्यांचं काय? १९९० मध्ये अमेरिकेत साठीपुढच्या बारा निरोगी पुरुषांना सहा महिने हे हॉर्मोन दिल्यावर त्यांचे स्नायू वाढले, चरबी घटली. अभ्यास छोटा, पण त्यावर तारुण्य विकणाऱ्यांचं अख्खं दुकान उभं राहिलं. ते दुकान आपल्या जिमपर्यंत कधीच येऊन पोचलंय. तुमच्यापैकी कुणाला लॉकर रूममध्ये ऑफर आली असेल, तर वर लिहिलेली अॅक्रोमेगलीची लक्षणं पुन्हा एकदा वाचा. सूज, सांधेदुखी, हाताला मुंग्या, वाढलेली साखर हे त्याच रस्त्यावरचे पहिले थांबे आहेत.

मला हा हिशेब फार खटकतो. एकीकडे ज्याची ग्रंथी ठणठणीत आहे असा पंचविशीतला पोरगा दंडाच्या घेरासाठी महागडी इंजेक्शनं घेतोय. दुसरीकडे जिची ग्रंथी बाळंतपणात मेली तिला ग्रोथ हॉर्मोन तर सोडाच, काही रुपयांच्या स्टेरॉइडच्या गोळीसाठी सोळा वर्षं थांबावं लागतं, कारण तिला आजार आहे हेच कुणाला दिसत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं ग्रोथ हॉर्मोनही मंजूर झालं. विज्ञान पुढे चाललंय, चांगलंच आहे. साक्रीसारख्या ठिकाणी अडलंय ते एका प्रश्नापाशी.

तो प्रश्न विचारायला एमबीबीएस व्हायला लागत नाही. या वीकेंडला गावी फोन कराल तेव्हा घरातल्या 'कायम दमलेल्या' बाईची चौकशी करा. शेवटच्या बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का? दूध आलं होतं का? पाळी परत आली होती का? घरात कुणाला घोणस चावली होती का, आणि त्यानंतर तो माणूस पहिल्यासारखा झाला का? उत्तरं शंकास्पद वाटली तर फिजिशियनला ही हकीकत या क्रमाने सांगा आणि पिट्यूटरीची तपासणी करायची का, असं स्पष्ट विचारा. मुंबईत केईएमसारख्या सरकारी रुग्णालयात हॉर्मोनतज्ज्ञांचा स्वतंत्र विभाग आहे. मनाने गोळ्या मात्र सुरू करू नका. क्रम चुकला तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

असो. फारच लांबलं. पुढच्या शनिवारी जरा हलकाफुलका विषय घेऊ.